डाव्या कोपऱ्याचे पाय

शनिवार रात्र. खरं तर रविवार उजाडायला आलाय.

पुण्याहून आत्ता घरी आले. वाकडला हायवेवर मुंबईची बस मिळेपर्यंत अकरा वाजून गेले होते, दादरला उतरलो तेव्हा अडीच. भाची आतल्या खोलीत आडवी पडली आणि क्षणात झोपलीसुद्धा. तिला सकाळी कॉलेजच्या सरावाला जायचंय. माझ्या कानात मात्र अजून तो डीजे वाजतोय. झोप येणार नाही, तेव्हा लिहून टाकते.

बालेवाडीला प्रो कबड्डी बघायला गेलो होतो. हा अकरावा हंगाम. यंदा, २०२४ मध्ये, सामने फक्त तीन शहरांत आहेत: हैदराबाद, नोएडा आणि पुणे. मुंबईत एकही नाही. यू मुंबा हा मुंबईचा संघ, पण त्याला बघायला मुंबईच्या माणसाने एक्स्प्रेस-वे ओलांडायचा. २६ जुलै २०१४ ला ही लीग सुरू झाली ती आमच्या वरळीत, एनएससीआय स्टेडियममध्ये. पहिलाच सामना यू मुंबाचा जयपूरशी झाला, मुंबईने तो ४५-३१ असा जिंकला. आम्ही मंडळातल्या सहा-सात जणी गेलो होतो. कबड्डीला असे दिवे, असा पडदा, असं संगीत! आमच्यातली एक तर रडली होती. आणि दहा वर्षांनी, या हंगामात, आपला संघ आपल्याच शहरात खेळणार नाही. टीव्हीवर बघणाऱ्याला सामना कुठल्या गावात चाललाय याने काही फरक पडत नाही, आणि कॅमेरे-तारा-दिवे यांचा सगळा संसार तीनच ठिकाणी मांडायचा तर सोयीचं पडत असणार. हिशेब मला कळतो. पण त्या हिशेबात खुर्चीवर बसणारा माणूस धरलेला नाही, हे आज रात्री वाकडच्या पुलाखाली थंडीत उभं राहून जास्त कळलं.

वेळेचंही तेच. पहिला सामना आठला, दुसरा नऊला. घरी जेवणखाण आटोपून टीव्हीसमोर बसायची ती वेळ. शेजारच्या रांगेत साताऱ्याकडून आलेलं एक कुटुंब होतं, दोन लहान मुलं. दुसऱ्या सामन्याच्या मध्यंतरात ती झोपलेली पोरं खांद्यावर टाकून ते निघून गेले.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. आत आम्ही बसलो होतो तो भाग अंधारात आणि मॅट लख्ख उजेडात. वर भला मोठा पडदा. दर दोन मिनिटांनी कुणीतरी माईकवरून ओरडायला सांगत होतं, पडद्यावर तसं लिहूनही येत होतं, आणि लोक ओरडत होते. मुंबईने गडी बाद केला म्हणून नाही, सांगितलं म्हणून. कॅमेरा गर्दीवरून फिरला की ज्यांची तोंडं पडद्यावर दिसत ते उभे राहून हात हलवत. मॅटकडे पाठ करून. तेवढ्यात एक चढाई होऊन जायची.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा पडद्याकडेच बघतेय. मॅट समोर वीस-पंचवीस पावलांवर. सात माणसं हाताला हात धरून उभी, आणि मी मान वर करून त्यांचं चित्र बघतेय! मनाला लागलं ते. मुद्दाम मान खाली घातली आणि डाव्या कोपऱ्याकडे, म्हणजे साखळीच्या डाव्या टोकाच्या गड्याकडे, बघत बसले. मी स्वतः आयुष्यभर डावा कोपरा खेळले. चढाईवाला उजवीकडे झुकला, सगळी साखळी तिकडे ओढली गेली, आणि या गड्याने आपला मागचा पाय अर्धा वीत आत घेतला. बस. मला कळलं, आता हा घोट्याला जाणार. पुढच्या श्वासाला तो गेलाच. चढाईवाला मध्यरेषेपासून हातभर लांब आडवा.

भाची म्हणाली, "मावशी, वर बघ, रिप्ले लागलाय."

रिप्लेमध्ये पकड दिसली. तो अर्धा वीत सरकलेला पाय दिसला नाही. कॅमेरा तेव्हा चढाईवाल्याच्या तोंडावर होता.

रविवार, दुपार

उशिरा उठले. कालचं डोक्यातून जात नाही.

नव्वदच्या दशकात मी परळच्या एका मंडळाकडून खेळायचे. मैदान मातीचं. स्पर्धेच्या आधी आठ दिवस माती चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याने रेषा आखायच्या. बायकांचं मैदान १२ मीटर बाय ८ मीटर, पुरुषांपेक्षा लहान, आणि प्रेक्षकांच्या फळ्या राखीव पट्ट्याला अगदी खेटून बांधलेल्या. पकड फसली की आम्ही लोकांच्या मांडीवर जाऊन पडायचो. गिरण्या बहुतेक बंद पडलेल्या, पण गिरणीतले काका यायचेच. गळ्यात मफलर, खिशात शेंगदाणे. त्यांना कुणी ओरडायला सांगावं लागत नसे, आणि गप्प बसा म्हटलं तरी ते बसत नसत. बोनसची, म्हणजे जादा गुणाची, रेषा पायाने ओलांडली की नाही यावर पंचांशी त्यांची हुज्जत मध्यंतरभर चालायची. आपलंच मंडळ खेळत असलं तरी "नाही हो, गडी बाद होता" असं कबूल करणारे काकाही मी त्यात पाहिलेत.

आणि आवाज असायचा तो दमाचा. चढाईवालीचा "कबड्डी कबड्डी" पहिल्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू यायचा. तो बारीक होऊ लागला की फळीवरच्या माणसाला कळायचं, आता ही परत वळणार. आमचे सर सांगायचे, तोंड बघू नका, दम ऐका आणि पाय बघा. प्रेक्षकही तेच करत. आम्ही जे बघत-ऐकत होतो तेच तेही बघत-ऐकत होते. काल बालेवाडीला दोन सामन्यांत एकदाही दम ऐकू आला नाही. दम खेळाच्या नियमात अजून आहे. गाण्याखाली बुडालाय एवढंच.

पण टीव्हीला नुसतं बोल लावणं खोटेपणाचं होईल. आमच्या काळी चांगल्या खेळाडूचं स्वप्न काय, तर रेल्वे, पोलीस नाहीतर बँकेत नोकरी. २०१४ च्या पहिल्या लिलावात राकेशकुमारला १२ लाख ८० हजार मिळाले तेव्हा आमच्या मंडळात कुणाचा विश्वास बसेना. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर बोली गेली. हा पैसा तिकिटांतून आला नाही, टीव्हीमुळे आला. ज्या घरांत "कबड्डी खेळून काय पोट भरणार" असं म्हणत, त्या घरांत आता पोराला बूट घेऊन देतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

नियमांतही चांगलं झालं. तिसरी चढाई निर्णायक करणं मला मनापासून पटलं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर स्वतः बाद. पूर्वी चार गुणांची आघाडी घेतली की शेवटची पाच मिनिटं संघ नुसते निदानरेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा, ओलांडून परत यायचे. बघणाऱ्याचा जीव जायचा, आणि खरं सांगायचं तर खेळणाऱ्याचाही. टीव्हीवर लोक चॅनल बदलतील या धास्तीने का होईना, तो वेळकाढूपणा गेला. आता आमच्या गल्लीतल्या स्पर्धाही त्याच नियमाने होतात आणि फळीवरचा माणूस शेवटच्या मिनिटापर्यंत हलत नाही.

तरी एक आठवण राहून राहून येते. आठवा हंगाम, कोरोनातला. २०२१ च्या डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सगळे सामने बंगळुरूत एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना. अंतिम सामना दबंग दिल्लीने पाटण्याविरुद्ध ३७-३६ असा जिंकला. एका गुणाने! अशा सामन्याला मैदानात एक माणूस नव्हता जो घरी जाऊन म्हणेल, मी तिथे होतो. मी घरी बसून बघत होते, आजारपणाचे दिवस, त्या सामन्यांनी मला आधार दिला हेही खरं. पण तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. आमच्याविना सगळं नीट पार पडलं होतं.

बायकांच्या बाबतीत तर याच्या उलट झालं. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या चौथ्या हंगामाबरोबर महिलांची स्पर्धा झाली होती, तीन संघांची. त्यातल्या आइस दिवाज संघाची कर्णधार आपली अभिलाषा म्हात्रे. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने २४-२३ असा जिंकला. तोही एका गुणाचा, श्वास रोखायला लावणारा. पुढच्या वर्षी प्रो कबड्डी मोठी झाली, संघ आठाचे बारा झाले, आणि बायकांची स्पर्धा पुन्हा आली नाही. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी चिनी तैपेईला, म्हणजे तैवानला, २६-२५ असं हरवून सुवर्ण आणलं. भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक होतं ते. त्या दिवशी सगळ्या चॅनलवर त्याच होत्या. मग पुन्हा नाहीत. पुरुषांची कबड्डी टीव्हीने बदलली म्हणून मी काल हळहळत होते, आणि आमच्या वाट्याला तर ते बदलणंही आलेलं नाही. या दोन गोष्टी एकाच मनात कशा ठेवायच्या ते मला अजून जमत नाही.

गुरुवार, रात्री

आज भाचीला घेऊन जवळच्याच एका स्पर्धेला गेले. मंडळाचं नाव लिहीत नाही, पोरं राबतात बिचारी. माती जाऊन मॅट आली त्याला बरीच वर्षं झाली. आता दिव्यांचे खांब, मोठा पडदा आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. गावाकडचे लोक, परदेशात गेलेली पोरं मोबाइलवर बघतात, हे चांगलंच आहे. पण कॅमेऱ्याचा मचाण उभा केलाय तो नेमका मध्यरेषेसमोर, जिथे पूर्वी म्हातारी माणसं बसायची. ती आता मागे उभी होती, मचाणाच्या दोन बांबूंमधून बघत. एका आजोबांना खुर्ची आणून दिली तर म्हणाले, "बसलो की दिसत नाही गं." उभेच राहिले.

महिलांचा सामना साडेपाचला ठेवलेला. प्रक्षेपण सात वाजता, पुरुषांच्या सामन्यापासून. म्हणून कॅमेरेवाला मुलगा चहा पीत बसला होता, कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी. डीजेही जोडून व्हायचा होता. फळ्यांवर चाळीसेक माणसं असतील, त्यातली निम्मी मुलींच्या घरची.

आणि दम ऐकू येत होता.

भाचीला पहिल्यांदा जाणवलं नाही. मग ती एकदम म्हणाली, "अगं, ती बोलताना थकलीय." चढाईवाली अजून उजव्या कोपऱ्याशी खेळत होती, हात मारत होती, पण आवाज चिरकायला लागला होता. परत वळली. भाचीने माझ्याकडे बघितलं, मी काही बोलले नाही.

पिवळ्या संघात डाव्या कोपऱ्याला एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी होती, काटकुळी, गुडघ्याला पट्टी बांधलेली. पहिल्या डावात तिने काहीच केलं नाही. दोनदा बाद झाली. मी तिच्या पायांवरून नजर हलवली नाही. दुसऱ्या डावात त्यांच्या तीनच जणी मैदानात उरल्या, लोण चढायची, म्हणजे सगळा संघ बाद व्हायची, वेळ आली. समोरची सगळ्यात उंच मुलगी तिसऱ्या चढाईला आली, म्हणजे तिला गुण न्यायलाच हवा. ती बोनससाठी येऊ शकत नव्हती, समोर तिघीच होत्या आणि इतक्या थोड्या जणींवर बोनस मिळत नाही, तेव्हा कुणाला तरी शिवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. काटकुळीने मागचा पाय आत घेतला. मी भाचीचा दंड पकडला. "आता बघ," एवढंच म्हणाले.

उंच मुलीने लाथ मारली, आणि ही त्या लाथेखालून सूर मारून उभ्या पायाच्या घोट्याला गेली. दुसरी वरून पडली. तिघींनीच धरली म्हणून अव्वल पकड, दोन गुण. फळीवरची चाळीस माणसं उठून उभी राहिली, मागचे आजोबाही काहीतरी ओरडले. मी काय ओरडले ते मला आठवत नाही, घसा बसलाय एवढं खरं.

पिवळा संघ पुढे हरला. त्या मुलीचं नाव फलकावर नव्हतं, मीही विचारायचं विसरले.

भाचीने सवयीने पडद्याकडे बघितलं. पडदा काळा. "कशी धरली गं तिने? मला नीट दिसलंच नाही. पाय उचललेला असताना खाली कशी शिरली?"

बाहेर पडलो तर रस्त्यावर पुरुषांच्या सामन्यासाठी गर्दी लोटत होती. आम्ही कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीशी आलो. मी पर्स तिच्या हातात दिली, साडीचा काठ खोचला आणि बसले. "ऊठ, लाथ मार," म्हटलं. "हळू. हां. आता बघ माझा मागचा पाय कुठे आहे." तिने मोबाइलचा टॉर्च लावला. मी तिचा घोटा धरून दाखवला, अंगठा आतल्या बाजूला, दुसऱ्या हाताचं मनगट वर. ती दुकानाच्या शटरला धरून एका पायावर उभी. येणारे-जाणारे थांबून बघत होते.

"परत दाखव," ती म्हणाली.