कोजागिरीच्या दुधाचा अहवाल

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव स्टीलचा कडीचा डबा घेऊन महाप्याच्या आमच्या प्रयोगशाळेत आले. डब्यात आदल्या रात्रीचे मसाला दूध होते. ते प्यायलेल्या बऱ्याच रहिवाशांना दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या होत्या आणि काही मुलांना पहाटे सलाइन लावावे लागले होते, पण ताप कोणालाच आला नव्हता आणि दुपारपर्यंत बहुतेक जण सावरलेही होते. बँकेतून निवृत्त झालेल्या या टापटीप गृहस्थांनी चाचणीच्या अर्जावर वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘दुधातील भेसळ तपासणे.’ संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर निकाल सकाळीच लागला होता. दूध घोडबंदर रस्त्याकडच्या एका गोठ्यातून आले होते आणि गोठेवाल्याने त्यात ‘काहीतरी पावडर’ घातली होती.

बाहेरच्या माणसाला आमच्या कामातली एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. प्रयोगशाळा अन्न तपासत नाही. अर्जावर ज्यावर खूण केली आहे तेवढ्याच चाचण्या ती करते. नमुना आत आला की त्याला सांकेतिक क्रमांक मिळतो, आणि जिवाणू वाढवायच्या प्लेट लावणाऱ्या मुलीला तो कोणाचा, कुठला, तो खाऊन कोणाला काय झाले, यातले काहीही कळत नाही. निष्पक्षतेसाठी हे योग्यच आहे. डब्यात बर्फ नव्हता, त्यामुळे नमुना स्वीकारायचा की नाही हे ठरवायला सूक्ष्मजीव विभागाची प्रमुख म्हणून मला खाली बोलावले गेले, आणि केवळ त्यामुळे सचिवांशी माझे बोलणे झाले. त्यांच्या अर्जावर मी जिवाणूंच्या नेहमीच्या चाचण्याही लिहायला लावल्या.

भेसळीच्या चाचण्या त्याच संध्याकाळी झाल्या. युरिया नाही, डिटर्जंट नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, स्टार्च नाही. ‘फॅट आणि एसएनएफ’चाही, म्हणजे स्निग्धांश आणि त्याखेरीजचे घन पदार्थ मोजण्याचाही आग्रह होता, आणि तिथे आमच्या रसायन विभागाचे डोके फिरले. ज्या दुधात साखर, खवा, बदामाची पूड आणि चारोळी पडली आहे आणि जे आटवून दाट झाले आहे, त्याच्या घन पदार्थांच्या आकड्यावरून मुळात पाणी घातले होते की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तरीही अर्जात आहे म्हणून आकडा काढला आणि छापला. दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेला निरर्थक आकडा लोकांना फार आवडतो.

जिवाणूंच्या प्लेट दोन दिवसांनी मोजल्या. एकूण जिवाणूसंख्या नगण्य आणि अस्वच्छतेची खूण मानले जाणारे कोलिफॉर्म जिवाणू नाहीत. स्टॅफायलोकॉकस ऑरियस, म्हणजे आमच्या बोलीतला स्टॅफ, हा जिवाणू ज्यावर वाढवतात त्या बेअर्ड-पार्कर माध्यमावर त्याच्या काळ्याभोर, चकचकीत आणि भोवती पारदर्शक कडे असलेल्या कॉलन्या, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, येतात. इथे प्लेट अगदी कोऱ्या होत्या. बॅसिलस सिरियस या दुसऱ्या जिवाणूच्याही तुरळकच कॉलन्या आल्या. म्हणजे ज्या दुधाने निम्मी इमारत आजारी पाडली, ते कागदोपत्री शहरातल्या बहुतेक दुधापेक्षा स्वच्छ ठरत होते.

खटकले ते हेच. दोन-तीन तासांत उलट्या, ताप नाही आणि एका दिवसात आराम हे जिवाणू पोटात जाऊन वाढल्याचे लक्षण नव्हे. साल्मोनेलाला साधारण सहा तासांपासून तीन दिवस लागतात. इतक्या लवकर उलट्या होतात तेव्हा विष अन्नातच आधी तयार झालेले असते, आणि अशा विषाचे मुख्य संशयित दोनच : स्टॅफ आणि सिरियस. सिरियसचे बीजाणू उकळूनही टिकतात, त्यामुळे तो वाढलेला असता तर प्लेटवर भरपूर दिसला असता. स्टॅफ मात्र उकळीत मरतो आणि त्याने सोडलेले विष त्याच उकळीत टिकून राहते. मी सचिवांना फोन करून विचारले, तेव्हा ते अभिमानाने म्हणाले, “मॅडम, दूध एकदा नाही, दोनदा खळखळून उकळलंय.”

जपानमध्ये ओसाका परिसरात २००० साली एका मोठ्या दुग्धकंपनीच्या कमी स्निग्धांशाच्या दुधाने तेरा हजारांहून अधिक लोक आजारी पडले, त्याचे मूळ असेच निघाले. होक्काइडोतल्या कारखान्यात वीज गेली, दूध कोमट स्थितीत पडून राहिले, त्यात स्टॅफ वाढला, पुढे त्याची भुकटी झाली. प्रक्रियेतल्या उष्णतेने जिवाणू मेले, विष मात्र भुकटीतून थेट बाटलीत उतरले. हे उदाहरण मी दरवर्षी प्रशिक्षणार्थ्यांना सांगते. आमच्या तांत्रिक व्यवस्थापकांनाही सांगितले. ते म्हणाले, “अर्जात मागितलं ते आपण दिलं. आपण काही गुप्तहेर नाही.” ते कामात चोख आहेत, पण अहवालातले सगळे रकाने भरले की प्रश्न सुटला असे मानणाऱ्या पिढीचे आहेत, आणि ही पिढी दुर्दैवाने माझ्याहून तरुण आहे.

उरलेल्या दुधावर मी डेअरी तंत्रज्ञानाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ती ब्रीडची पद्धत, म्हणजे दुधातले जिवाणू थेट सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची, वापरायचे ठरवले. काचपट्टीवर एक चौरस सेंटिमीटर आखून त्यावर नेमके ०.०१ मिलिलिटर दूध पसरायचे, सपाट तापपट्टीवर वाळवायचे आणि न्यूमनच्या रंगद्रव्यात बुडवायचे. त्यातला द्रावक स्निग्धांश काढून टाकतो, अल्कोहोल पेशी पक्क्या करते आणि मेथिलीन ब्लू त्यांना निळे रंगवते. प्लेटवर फक्त जिवंत जिवाणू दिसतात, या पट्टीवर मेलेलेही दिसतात. म्हणूनच प्लेटांच्या जमान्यात ही पद्धत मागे पडली आणि म्हणूनच आज मला ती हवी होती. मसाला दुधाने मात्र माझा अंत पाहिला. पहिल्या पट्टीवर केशराचा तंतू आणि बदामाचे कण यांखेरीज काही दिसेना आणि आटलेल्या दुधातल्या प्रथिनांचा निळा चिखल सगळीकडे पसरला. मग दूध गाळून, पातळ करून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरची साय काढली आणि पुन्हा पट्ट्या केल्या. संध्याकाळची कंपनीची बस निघून गेली होती. सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या भिंगाखाली एका दृश्यात सरासरी एकच पेशी दिसली तरी मिलिलिटरमागे काही लाख पेशींचा हिशेब होतो. इथे दर दृश्यात द्राक्षांच्या घडांसारखे गोल पेशींचे निळे पुंजके होते, एखाद-दुसरा नव्हे, कित्येक. कोऱ्या प्लेटच्या त्याच दुधात मेलेल्या जिवाणूंची स्मशानभूमी होती.

नुसत्या आकारावरून जात सांगता येत नाही. दुसरा पुरावा थर्मोन्यूक्लिएजचा. डीएनए तोडणारे हे स्टॅफचे विकर (एन्झाइम) पंधरा मिनिटे उकळल्यावरही काम करते. नमुन्याचा अर्क उकळायचा, टोल्युइडिन ब्लू आणि डीएनए घातलेल्या अगारमध्ये, म्हणजे जेलीसारख्या थरात, छोटे खळगे पाडून त्यांत तो भरायचा आणि ३७ अंशांवर ठेवायचा. काही तासांत निळ्या अगारमध्ये खळग्याभोवती गुलाबी कडे उमटले. एन्टेरोकॉकस नावाचे काही जिवाणूही असे विकर बनवतात, त्यामुळे शेवटचा शब्द विषाच्याच चाचणीचा असतो. तिचे किट महाग असते, उघडले की मुदत धावू लागते, आणि त्यातल्या बऱ्याच खाचा नियंत्रण नमुन्यांतच जातात. योगायोगाने त्याच आठवड्यात एका चीज उत्पादकाचे नमुने त्याच चाचणीसाठी लागणार होते. त्यामुळे खर्च आवाक्यात आला आणि सचिवांनी थोड्या कुरकुरीनंतर दुसरा अर्ज भरून दिला. अर्क रात्रभर डायलिसिसच्या नळीत घट्ट करून दुसऱ्या दिवशी किट लावले. स्टॅफचे एन्टेरोटॉक्सिन, म्हणजे उलट्या घडवणारे तेच विष, आढळले.

आता दुधाची हकिकत नीट विचारली. गोठ्याचे दूध सकाळी आले आणि लगेच दोन मोठ्या टोपांत उकळले गेले. खवा मात्र आदल्या संध्याकाळीच बाजारातून आणून संस्थेच्या कचेरीत ठेवला होता, कारण एवढा खवा कोणाच्याच फ्रिजमध्ये मावेना. दुपारी क्लबहाउसमध्ये पाच-सहा जणांनी तो हाताने मोकळा करून कोमट दुधात घातला, वर झाकण आणि त्यावर फडके. टोप संध्याकाळी गच्चीवर गेले, रात्री साडेनऊला पुन्हा उकळी, मग चांदणे, मग वाटप. ऑक्टोबरच्या उकाड्यात भरलेल्या टोपातले दूध संध्याकाळपर्यंत गार होतच नाही. कोमटच राहते, आणि स्टॅफला याहून बरे काही नको असते. निरोगी माणसांपैकी साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या नाकात तो राहतो आणि नाकावरून हातावर यायला त्याला कष्ट पडत नाहीत.

विष खव्यातच तयार होऊन आले की टोपात तयार झाले, हे मला अजूनही ठरवता येत नाही. एका मायक्रोग्रॅमहूनही कमी एन्टेरोटॉक्सिन उलट्यांना पुरते, त्यामुळे रात्रभर बाहेर राहिलेला खवा दुधात विरघळूनही पुरेसा ठरला असता. खव्याचा एक तुकडा, निदान ती प्लास्टिकची पिशवी मिळाली असती तर काही बोलता आले असते, पण पिशवी सकाळच्या घंटागाडीत गेली. दुसऱ्या उकळीने जो काय क्रम होता तो पुसून टाकला. गोठ्याबद्दल मात्र माझे मत बनले आहे. स्टॅफ जनावराच्या सडातूनही येतो. फिलिपीन्समध्ये बार्बर नावाच्या संशोधकाने १९१४ साली एका गायीचे दूध स्वतः पिऊन दाखवून दिले की ताजे दूध बाधत नाही आणि काही तास बाहेर राहिलेले तेच दूध बाधते. इथे दूध आल्या आल्या उकळले गेले होते आणि त्याच गोठ्याचे त्या सकाळचे दूध इतर घरांतही गेले होते, तिथे कोणाला काही झाले नव्हते.

सचिवांनी निकाल ऐकून आधी एकच विचारले, “म्हणजे आमच्याच घरच्या बायकांच्या हातांमुळं झालं, असं लिहिणार का तुम्ही?” असे लिहिणार नव्हतेच, अहवालात फक्त ‘आढळले’ एवढाच शब्द असतो. पण त्यांना भीती कशाची होती ते कळले. भेसळ निघाली असती तर गुन्हेगार बाहेरचा ठरला असता. दोन अर्ज असल्यामुळे दोन स्वतंत्र अहवाल मिळण्याचा त्यांना हक्क होता आणि त्यांनी तो वापरला. अन्न व औषध प्रशासनाला कळवा, असे मी सुचवून पाहिले. “आता सगळे बरे आहेत, कशाला वाढवायचं?” एवढ्यावर ते संपले.

काही आठवड्यांनी गोठेवाला स्वतः प्रयोगशाळेत आला. त्याच्या मोबाइलमध्ये पहिल्या अहवालाचा फोटो होता. “ताई, हितं तर सगळं ठीकच लिवलंय. मग त्यांनी माझं दूध का बंद केलं? बाजूच्या दोन सोसायट्यांनी पण बंद केलं.” दुसऱ्या अहवालाबद्दल त्याला काहीच माहीत नव्हते, आणि तो अस्तित्वात आहे एवढे सांगण्याचीही मला मुभा नव्हती, ग्राहकाचा निकाल ग्राहकाखेरीज कोणालाही न देण्याच्या करारावर माझीच सही आहे. हा नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. तो नसता तर कोणी आमच्याकडे नमुना आणलाच नसता. पण त्या दिवशी तो नियम नेमका कोणाचे रक्षण करत होता, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मी त्याला सर्वसाधारण म्हणून जेवढे सांगता येईल तेवढे सांगितले : दोन-तीन तासांत उलट्या होतात तेव्हा बहुधा शिजवल्यानंतरच्या हाताळणीत काहीतरी घडलेले असते, आणि आल्या आल्या उकळलेल्या दुधाच्या गोठ्याकडे बोट दाखवण्याआधी पुढचे सगळे टप्पे विचारले पाहिजेत. हे मी कोणत्याही विशिष्ट नमुन्याबद्दल बोलत नाही, असेही बजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि हेच लिहून द्या म्हणाला. प्रयोगशाळेच्या लेटरहेडवर ते देता येत नव्हते, आणि कोऱ्या कागदावर लिहिलेले कोणतीही सोसायटी मानणार नाही, हे त्याला माझ्याआधीच कळले. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मग,” आणि दुपारचे दूध काढायची वेळ झाली म्हणून निघाला.