शरण आलेल्या गॉब्लिनचे काय करायचे?

रविवार, रात्री

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फाशांच्या मदतीने कथा खेळण्याच्या खेळात नैतिक पेच आणायचा असेल, तर त्याचे बरोबर उत्तर डंजन मास्टरलाही (म्हणजे कथा चालवणाऱ्यालाही; आमच्याकडे ती मी) ठाऊक असू नये, हे माझे मत आजच्या सत्रानंतर आणखी पक्के झाले आहे. उत्तर आधीच ठरवून मांडलेला पेच म्हणजे परीक्षा होते आणि खेळाडू मग कथेतल्या माणसांचा विचार सोडून परीक्षकाच्या मनात काय आहे याचा अंदाज घेत बसतात.

आमच्या मोहिमेत खिंडीतल्या गावातली माणसे गॉब्लिनांनी (कथांतल्या बुटक्या, उपद्रवी प्राण्यांनी) उचलून डोंगरावरच्या पडक्या गडात कोंडली आहेत आणि अंधार पडण्याआधी त्यांना सोडवायचे आहे. वाटेत एक गॉब्लिन टेहळ्या तावडीत सापडला. त्याने भाला टाकला, माझ्या भाचीच्या पॅलाडिनने (धर्मव्रत घेतलेल्या योद्ध्याच्या पात्राने) त्याला अभय दिले, आणि त्या अभयाच्या भरवशावर त्याने गडाच्या चोरदिंडीचा पत्ता सांगितला. खरा प्रश्न इथून पुढे सुरू झाला. त्याला सोडले तर तो धावत गडावर जाऊन बातमी देणार, झाडाला बांधून ठेवले तर रात्री लांडग्यांच्या तोंडी जाणार, बरोबर नेले तर दिंडीपाशी ओरडणार, आणि मारले तर दिलेला शब्द मोडणार.

नकाशावर प्रत्येक पात्राच्या जागी छोटी बाहुली ठेवतात; त्याच्यासाठी माझ्याकडे बाहुली नव्हती म्हणून मी नकाशावर शर्टाचे एक हिरवे बटण ठेवले होते. सुरुवातीला सगळे त्या बटणाविषयीच बोलत होते: ‘याला इथे ठेवू’, ‘याला तिकडे सरकवू’. मग मी त्याच्या तोंडून पाणी मागवले, आणि पाण्याची कातडी पिशवी धरताना त्याच्या हाताला दोनच बोटे असल्याचे सांगितले. भाचीने विचारले, “याचं नाव काय?” मी त्याच क्षणी ‘खुरट’ असे नाव सांगितले, आणि त्यानंतर टेबलावर कोणीही त्याला ‘हा गॉब्लिन’ म्हटले नाही. नैतिक पेच कसा उभा करावा यावर मी पुष्कळ वाचले आहे, पण नाव आणि तहान यांच्याइतके काम करणारे दुसरे काही मला अजून सापडलेले नाही.

‘रोग’ (इंग्रजी rogue), म्हणजे चोरट्या हिकमतीचे पात्र, खेळणाऱ्या मित्राची बाजू हलकी नव्हती. “गडात माणसं आहेत, त्यात पोरं आहेत. एका शब्दापायी त्यांचा जीव धोक्यात घालायचा अधिकार तुला कोणी दिला?” असे त्याने विचारले. भाचीने मान न उचलता उत्तर दिले, “त्याने भाला टाकला, तेव्हाच तो प्रश्न संपला.” क्लेरिक, म्हणजे पुरोहिताचे पात्र, खेळणारी मैत्रीण लहानपणापासून कीर्तने ऐकत वाढलेली आहे. तिने कर्णपर्वातली कौशिकाची गोष्ट काढली. सदैव खरेच बोलण्याचे व्रत घेतलेल्या त्या ब्राह्मणाने, दरोडेखोरांच्या भयाने रानात लपलेल्या माणसांची वाट दरोडेखोरांनाच दाखवली, माणसे मारली गेली, आणि व्रत पाळूनही तो नरकात गेला. गोष्ट संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग भाची म्हणाली की कौशिकाच्या व्रताची किंमत दुसऱ्यांनी मोजली, आणि तिला नेमके तेच करायचे नाही. खुरटवर पहारा ठेवायला ती स्वतः मागे राहील, बाकीच्यांनी तिच्याशिवाय गडावर जावे. तिने आपली बाहुली उचलून नकाशाच्या कडेला, त्या बटणाशेजारी ठेवली.

हा मार्ग मला सुचलेला नव्हता. त्याने पेच सुटलाही नाही, कारण गटातला सर्वांत दणकट लढवय्या बाहेर राहिल्याने आत जाणाऱ्यांचा धोका वाढला आणि रोगने तसे स्पष्ट बोलून दाखवले. पण शब्दाची किंमत शब्द देणाऱ्याच्या अंगावर आली, आणि त्यामुळे बाकीच्यांना, पटले नाही तरी, तो निर्णय मान्य करता आला.

वाद ऐन रंगात असताना रोगने भाचीच्या पात्राचे मन वळवण्यासाठी ‘पर्सुएजन’चा फासा टाकू देण्याची मागणी केली. मी ती नाकारली. दुसऱ्या खेळाडूच्या पात्राने काय योग्य मानावे हे फाशाने ठरवणे म्हणजे त्याच्या हातातले पात्र काढून घेणे होय. उलट, खुरट चोरदिंडीबद्दल खोटे बोलतो आहे का, हे ओळखण्यासाठी ‘इनसाइट’चा वीस बाजूंचा फासा मी आनंदाने टाकू दिला, कारण तो खरे बोलतो आहे की खोटे ही त्या जगातली वस्तुस्थिती आहे. वस्तुस्थिती कळल्यावर काय करायचे, तो भाग खेळाडूंचा.

याच्या नेमके विरुद्ध चालणारा एक खेळ मला मनापासून आवडतो, त्याचाही उल्लेख करायला हवा. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ मधल्या ‘पेंड्रॅगन’ या आर्थर राजाच्या सरदारांवरच्या खेळात प्रत्येक सरदाराच्या स्वभावाच्या तेरा जोड्या असतात. दयाळू आणि क्रूर, प्रामाणिक आणि कपटी अशा प्रत्येक जोडीची बेरीज वीस भरते आणि कसोटीच्या प्रसंगी वीस बाजूंचा फासा टाकून सरदाराचा कल पाहिला जातो. तिथे पेच खेळाडूच्या बुद्धीला पडत नाही, तो सरदाराच्या स्वभावातच पडतो. दयाळू म्हणून नाव कमावलेला सरदार एखाद्या दिवशी क्रूर वागतो, आणि ते सोसत पुढे खेळावे लागते. आमच्या टेबलाला ती रीत मानवणार नाही, पण तिच्यात माणसाविषयीची मोठी समज आहे.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये नैतिक पेच मांडणे फार अवघड होऊन बसले, त्याचे कारण त्याच्या इतिहासात आहे. १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत पात्रांचे लॉ (नियम), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (अराजक) असे तीनच पक्ष होते. पुढे चांगले आणि वाईट हा दुसरा अक्ष आला आणि नऊ खणांची ती प्रसिद्ध चौकट तयार झाली. १९७८ च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात पॅलाडिनने जाणूनबुजून दुष्कृत्य केले तर त्याचे पॅलाडिनपण कायमचे जाईल, असा नियम होता. या नियमाने कित्येक डंजन मास्टरांच्या हाती एक सापळा दिला: दोन वाटा दाखवायच्या, दोन्हीकडे पाप ठेवायचे, आणि पॅलाडिन कुठेही वळला तरी त्याच्या शक्ती काढून घ्यायच्या. असल्या प्रकाराला मी पेच मानत नाही. ज्या वाटेवर शिक्षा ठरलेलीच आहे तिथे खेळाडू निवड करत नाही, फक्त मार कुठल्या गालावर घ्यायचा ते ठरवतो.

गॅरी गायगॅक्स यांच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या जुन्या, खेळण्यासाठी तयार छापलेल्या साहसकथेतली उणीव वेगळी आहे. त्यातल्या गुहांमध्ये कोबोल्ड आणि ऑर्क या राक्षसी जमातींची पिल्ले आहेत. ती लढत नाहीत एवढी नोंद मजकुरात आहे, त्यांची संख्याही दिलेली आहे, पण सगळे मोठे मारले गेल्यावर या पिल्लांचे काय करायचे यावर पुस्तक गप्प आहे. तेव्हापासून आजवर असंख्य टेबलांवर यावरून भांडणे झाली. माझ्या मते त्या भांडणांतून फारसे काही हाती लागत नाही, कारण पिल्लांना नाव नाही, गाव नाही, त्यांना सांभाळू शकेल असे कोणी नाही. आजूबाजूचे जग नसेल तर उरतात ती फक्त तत्त्वे, आणि तत्त्वांवरचा वाद मिटत नाही.

मला सर्वांत जास्त शिकवले ते व्हिन्सेंट बेकर यांच्या २००४ मधल्या ‘डॉग्ज इन द विनयार्ड’ने. त्यात तरुण धर्मरक्षक गावोगाव फिरून तिथले पाप निस्तरतात, आणि खेळ चालवणाऱ्याला बजावलेले असते की गावात काय बिघडले आहे ते पूर्ण तयार ठेव, पण कोण बरोबर आणि कोण चूक याचा निवाडा तू करू नकोस. मी आजही तयारी त्याच पद्धतीने करते. गडावर कोणाला काय हवे आहे, कोण कोणाला घाबरतो, खुरट टेहळणीवर का आला, एवढे मी लिहून ठेवते. पुढे काय व्हायला हवे, ते लिहीत नाही.

एक मर्यादा मात्र आम्ही मोहीम सुरू होण्याआधीच, पहिल्या बैठकीत, सगळ्यांनी मिळून आखली होती: कैद्याचा छळ कथेत येणार नाही. टेबलाच्या मधोमध एक्स लिहिलेले कार्डही असते, त्याला कोणीही हात लावला की तो विषय कारण न विचारता बाजूला ठेवायचा. आज विझार्ड (जादूगार) खेळणाऱ्याने खुरटकडून आणखी माहिती काढण्याविषयी एक वाक्य सुरू केले आणि त्या ठरावाची आठवण होऊन स्वतःच थांबवले. काही लोकांना अशा मर्यादांनी पेच बोथट होतो असे वाटते. माझा अनुभव उलट आहे. कुठवर जायचे हे ठरलेले असले की लोक तिथवर निर्धास्त जातात, आणि आजच्याइतका कडाडून वाद घालूनही नंतर एकत्र जेवायला बसतात.

आता पुढच्या सत्राची तयारी करायची आहे. गडावरच्या शिबंदीला आपला टेहळ्या चंद्र उगवायच्या आत परत येणार हे माहीत आहे, त्यामुळे तो आला नाही तर ती शोधाला निघेल. पॅलाडिन रानाच्या तोंडाशी एकटी आहे. तिला डुलकी लागली किंवा शोधपथक जवळ आले तर खुरट काय करेल, हे मला माझ्या मर्जीने ठरवायचे नाही. जुन्या नियमांत अनोळखी प्राण्याची वृत्ती सहा बाजूंच्या दोन फाशांवर पाहण्याची रीत होती, तीच वापरेन. दिलेला शब्द पाळला म्हणून बेरजेत एक आणि पाणी दिले म्हणून आणखी एक मिळवेन. नऊ किंवा त्याहून जास्त आले तर तो गप्प बसेल. कमी आले तर तो ओरडेल, आणि तो ओरडला हे मी भाचीला सरळ सांगेन.