मीठ राहिलं

सोमवारी सकाळी लॅबमध्ये आल्या आल्या गाळणीच्या सेलखाली जमलेलं पाणी क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात, घेतलं आणि २८० नॅनोमीटरवर रीडिंग लावलं. पाण्यात प्रोटीन जितकं जास्त, तितका हा आकडा मोठा. ०.०१. क्युव्हेट पुसून पुन्हा लावलं. तेवढंच.

वरच्या सेलमध्ये अल्ब्युमिन हे प्रोटीन होतं, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. त्याचं रीडिंग ०.६६ येतं. मधलं मेंब्रेन, म्हणजे गाळायचा पातळ पडदा, पॉलीकार्बोनेटचं, छिद्रं १५ नॅनोमीटरची. अशा मेंब्रेनवर आधी जड आयनांचा मारा करतात, मग अल्कलीने त्यांच्या वाटा कोरून काढतात. त्यामुळे छिद्रं सरळ आणि जवळपास एकाच मापाची मिळतात. अल्ब्युमिनचा रेणू पाण्यात साधारण ७ नॅनोमीटरचा. म्हणजे भोक दुपटीहून मोठं.

दुप्पट भोक म्हणजे सगळं सहज पार, असं मात्र नाही. रेणूला अंग असतं, त्याचा मध्यबिंदू भिंतीपासून साडेतीन नॅनोमीटर आतच राहणार. छिद्राचा असा मोकळा भाग क्षेत्रफळाच्या २८ टक्केच उरतो. पण पाणी मधोमध सर्वात जोरात वाहतं आणि रेणूही तिथेच असतात, म्हणून पार जाणाऱ्या प्रोटीनचा हिशेब ४० टक्क्यांच्या आसपास जातो. माझी अपेक्षा ०.२६ ची होती.

आमच्याकडे नवीन आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, मेंब्रेन चोंदलं असेल."

चोंदलं असतं तर पाणीही अडलं असतं. नायट्रोजनच्या १ बार दाबावर नुसत्या पाण्याचे तासाला जेवढे थेंब पडत होते, जवळपास तेवढेच आताही पडत होते. भिंतींना चिकटलं म्हणावं, तर वरच्या द्रावणाचं रीडिंग घटायला हवं; ते उलट किंचित वाढलेलं. प्रोटीन वरच होतं, सगळं. दारात येऊन परत फिरल्यासारखं.

मग त्याला पाकिटाचाच संशय आला: भलत्या मापाचं मेंब्रेन आत गेलं असेल. असेलही. म्हणून अल्ब्युमिन एका नळीत काढून ठेवलं, सेल धुतला आणि त्याच बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, व्हिटॅमिन बी-१२ घातलं. रेणू छोटा, विद्युतभार जवळजवळ नाही, आणि रंगाने लाल. डोळ्यांनीच निकाल कळतो. थेंब इतके सावकाश पडतात की दुपार त्यातच गेली. पण चारच्या सुमारास नळीच्या टोकाला लोंबणारा थेंब स्पष्ट गुलाबी दिसला. छिद्रं उघडी होती. पाकीट चुकलं की नाही, ते मात्र यातून ठरत नव्हतं. बी-१२ तर कुठूनही जातं.

तेव्हा त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "बफरमध्ये मीठ घातलं होतं ना?"

बफर मी केलं होतं, शुक्रवारी संध्याकाळी. "किती वर्षं बफर करतेय मी," असं काहीतरी बोलले, आणि बोलता बोलताच कंडक्टिव्हिटी मीटरचा प्रोब बाटलीत बुडवला; द्रावणातून वीज किती सहज वाहते ते हा मीटर दाखवतो. १०० मिलिमोलर मीठ असेल तर सेंटिमीटरला १० मिलिसीमेन्सच्या वर आकडा दिसतो. दिसला ०.१५.

द्रावण ढवळणाऱ्या स्टररच्या मागे वजन करायची प्लास्टिकची छोटी तबकडी सापडली. लिटरसाठी मोजलेलं ५.८४ ग्रॅम मीठ तिच्यात तसंच, दमटपणाने एक खडा झालेलं. मध्ये कुणाचा तरी फोन आला होता, एवढं आठवतं.

तर बाटलीत होतं फक्त १ मिलिमोलर फॉस्फेट. पीएच ७ ला अल्ब्युमिनवर पंधरा-वीस ऋण भार असतात, आणि आमच्या मेंब्रेनची भिंतही ऋणच. द्रावणात मीठ भरपूर असेल तर त्याचे आयन या भारांना झाकतात आणि भिंतीचा प्रभाव जेमतेम १ नॅनोमीटरपर्यंत पोचतो. मीठ नसेल तर तोच प्रभाव सातेक नॅनोमीटरपर्यंत जातो. दोन्ही बाजूंनी सात-सात, आणि छिद्र १५ चं! पाण्याला आणि बी-१२ ला त्याचं काही नाही. अल्ब्युमिनसाठी मात्र भोक बुजल्यातच जमा. पुस्तकात हे मी कितीदा वाचलंय, शिकवलंयही. तरी त्या दिवशी डोक्यात फक्त मापं होती.

सेल पुन्हा धुऊन सकाळचंच अल्ब्युमिन परत ओतलं, तेच मेंब्रेन ठेवून. १० मिलिलिटरसाठी ५८ मिलिग्रॅम मीठ लागतं. चिमटीत धरलं तर जाणवणारही नाही. त्यानेच तोललं, मी नुसती उभी राहिले. मीठ विरघळेपर्यंत स्टरर फिरू दिला, मग नायट्रोजन सोडला आणि घरी गेलो.

मंगळवारी सकाळी रीडिंग ०.२१. हिशेबापेक्षा थोडं कमी. काही प्रोटीन भिंतींना बसलं असावं, तेवढं चालतं.

वहीत आदल्या दिवशीचं ०.०१ होतं. त्याने पेन हातात घेऊन विचारलं, "हे खोडू का, मॅडम?"

"खोडू नकोस. पुढे लिही, मीठ शून्य. आणि आज १० मिलिमोलरचं लाव."

या वेळी बफर त्याने केलं.