ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या खाडीवर

"रोहित बघायला किती वाजता निघायचं?" असं मी विचारलं (रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्षी), तेव्हा मावशीने आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. "षष्ठी आहे. सहाचे पाऊणपट साडेचार. भरती साडेचारला, म्हणजे पावणेअकराच्या सुमाराला पाणी पार उतरलेलं असेल. खाडीत आत थोडा उशीर लागतो. दहाला पोचू." तिथीच्या पाऊणपट भरतीची वेळ, हे गणित तिने तिच्या बाबांकडून घेतलेलं. आमचं आजोळ खाडीकाठचं. आजोबांनी होडी सोडली, पण हिशेब सोडला नाही.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली आणि तिथून रिक्षाने सागरी जैवविविधता केंद्र. २०१७ साली सुरू झालेलं हे केंद्र वनखात्याचा कांदळवन कक्ष चालवतो. आतली माहितीदालनं चांगली आहेत, मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ती सावकाश बघावीत. आमची पावलं मात्र सरळ बोर्डवॉककडे वळली. रोहित दाखवायला नेणारी त्या दिवशीची बोट दुपारी पाणी चढल्यावर होती, त्यामुळे हाताशी भरपूर वेळ होता.

तिवरांच्या दाटीतून खांबांवर उभी केलेली ही वाट जाते. चार पावलं आत गेलो आणि तो वास आला. ठाणे-मुलुंडकडून खाडीपूल ओलांडताना लहानपणापासून आम्ही ज्या वासाला नाक दाबत आलो, तोच. यात शहराच्या सांडपाण्याचा वाटा आहेच, पण सगळा दोष त्याचा नाही. या चिखलात थोडं खाली गेलं की हवाच नाही. तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू पानापाचोळा कुजवतात आणि त्यातून कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. खाली हवा नाही म्हणूनच तिवराची मुळं उलटी, वर येतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना बोटबोटभर उंचीची, पेन्सिली रोवल्यासारखी हजारो मुळं उभी होती. झाड त्यांच्यातून श्वास घेतं. काही मुळांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घट्ट गुंडाळलेल्या होत्या. नाक दाबून धरल्यासारख्याच. ते बघून फार वाईट वाटलं.

मावशीने कठड्याशी आलेल्या एका पानावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "चाटून बघ." खारट! पानावर मिठाचे बारीक कण होते. खारं पाणी पिऊन त्यातलं जास्तीचं मीठ तिवर असं पानांतून बाहेर टाकतो. हे शाळेत शिकले होते, जिभेला मात्र त्या दिवशी कळलं.

खाली चिखल हलत होता. नीट बघितलं तर निवट्या. मासाच, पण पुढच्या परांवर रेलून चिखलात सरपटणारा, डोक्यावर बेडकासारखे डोळे. अंग आणि तोंड ओलं असेपर्यंत तो पाण्याबाहेर श्वास घेऊ शकतो. मधूनच एकेक डोळा आत ओढून ओला करून घेत होता. "आम्ही बिळात हात घालून धरायचो. याचं कालवण आईसारखं कुणालाच जमलं नाही," मावशी म्हणाली आणि बराच वेळ कठड्यावर वाकून बघत राहिली.

तेवढ्यात डोक्यावरून पंधरा-वीस रोहित गेले. मान पुढे, पाय मागे, सगळं एका रेषेत, आणि पंख उघडले की आतला लालभडक रंग. अग्निपंख हे नाव ठेवणाऱ्याने त्यांना उडतानाच पाहिलं असणार. तो रंगही या खाडीतूनच येतो, इथलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पक्षी देखणे आहेत यात वाद नाही. पण मला विचाराल तर इथे येऊन नुसतं आभाळाकडे बघून परत जाऊ नका. ओहोटीची वेळ गाठा आणि खाली बघा.

आम्ही डबा खाऊन परत वाटेवर आलो तेव्हा पाणी फिरलं होतं. मुळांमधून ते आवाज न करता आत येत होतं. एक खेकडा, अंगठ्याच्या नखाएवढा, एक नांगी मात्र जवळजवळ अंगाएवढी, मघापासून ती हलवून मादीला बोलावत होता. पाणी वीतभर अंतरावर आलं तसा तो थांबला. चिखलाचा एक गोळा उचलला, बिळात उतरला आणि तो गोळा आतून तोंडाशी ओढून घेतला.

"दार लावलं बघ," मावशी म्हणाली.

थोड्याच वेळात त्यावरून पाणी गेलं.