पाण्यामागून हार्त्स: ओडरटाइख ते झामसोन खाण

जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या जुन्या खाणी पाहायच्या असतील तर सुरुवात खाणीपासून करू नका, पाण्यापासून करा. वाफेचं इंजिन येण्याआधी इथलं सगळं पाण्यावर चालायचं, चांदीचं खनिज वर ओढणं आणि खाणीत साचलेलं पाणी उपसणंसुद्धा. त्यासाठी खोदलेल्या तळ्यांचं, पाटांचं नि बोगद्यांचं जाळं २०१० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

माझ्या मते सगळ्यात बोलकी वाट ओडरटाइख तळ्याच्या धरणापासून सांक्ट आंद्रेआसबेर्ग गावापर्यंतची. चालायला साधारण तीन तास, आणि वरून खाली येणं सोयीचं. तिथली झामसोन खाण ठरावीक वेळीच वाटाड्याबरोबर दाखवतात, म्हणून आधी ती वेळ पक्की करायची आणि तिथून उलटा हिशोब करत निघायची वेळ ठरवायची.

धरण बी २४२ महामार्गाला लागूनच आहे. १७१५ ते १७२२ मध्ये बांधलेलं हे धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जर्मनीतलं सर्वांत मोठं होतं. आजूबाजूच्या तळ्यांचे बांध गवताच्या ढेपांनी पाणबंद केलेले असत. इथे मात्र ग्रॅनाइटच्या चिऱ्यांच्या आत त्याच दगडाची झिजलेली भरड ठासून भरली आहे. भिंतीवर उभं राहून ते चिरे जवळून पाहा.

खाली रेबेर्ग पाट सुरू होतो. हा धरणाच्या आधीचा, १६९९ ते १७०३ मधला. उन्हाळ्यात पाट कोरडा पडला की पाणचाकं थांबत आणि खाणीत पाणी चढे, म्हणून मग वर साठा करावा लागला. सुमारे सात किलोमीटरचा हा पाट डोंगराच्या कडेनं इतक्या हलक्या उतारानं जातो की पाणी वाहतंय की थांबलंय, हे पान टाकून पाहावं लागतं. मध्येमध्ये फळ्या लावलेले छोटे सांडवे दिसतील. अतिवृष्टीत जादा पाणी वेळीच दरीत सोडलं नाही तर काठ फुटतो, म्हणून तर पाटावर नजर ठेवणाऱ्यासाठी वाटेत घर बांधलं. आता तिथे खाण्यापिण्याची सोय आहे, पण बंदच्या दिवसाची खात्री आधी करून घ्या.

वाटेतल्या कड्यात खाली ग्रॅनाइट आणि वर काळसर हॉर्नफेल्स (उष्णतेनं भाजून कडक झालेला खडक) असा सांधा दिसतो. १७८३ मध्ये जर्मन कवी गटेनं तो इथे येऊन पाहिला होता.

वाऱ्याच्या दिवशी हा बेत रद्दच करावा. २०१८ पासून साल पोखरणाऱ्या भुंग्यानं स्प्रूसची झाडं मोठ्या प्रमाणात मारली आहेत आणि वाळलेली खोडं वाटेवर कोसळतात. हिवाळ्यात सावलीतल्या भागात बर्फ घट्ट होतो, तेव्हा बुटांना काटे हवेतच.

झामसोनमध्ये (१५२१ ते १९१०) याच पाण्यावर फिरलेली चाकं दिसतात. पाणी उपसणारं १२ मीटर व्यासाचं, खनिज ओढणारं ९ मीटरचं. त्या दुसऱ्याला पाणी दोन्ही बाजूंनी देता येतं, म्हणून ते उलटसुलट फिरतं. १८३७ मध्ये बसवलेला माणसांचा चढउताराचा सांगाडा अजून चालतो. दोन समांतर दोर आलटून पालटून वरखाली होतात आणि प्रत्येक फेरीच्या टोकाला, क्षणभर ते थांबले की, माणूस एका पायरीवरून दुसऱ्या दोराच्या पायरीवर सरकतो. आपल्याला त्यावर उभं राहू देत नाहीत, पण खाली बसवलेल्या वीजघरांचे कामगार आजही त्यावरूनच उतरतात.

गोस्लार शहरातली रामेल्सबेर्ग खाण याच दिवशी कोंबू नका. ती १९८८ मध्ये बंद झाली असली तरी पाहायला अख्खा वेगळा दिवस लागतो. जमिनीखाली उन्हाळ्यातही गारठा असतो, तेव्हा जाकीट सोबत ठेवा.