केकमधला खून आणि कडू बदामाचा वास

बेकिंगच्या स्पर्धेत घडलेल्या खुनाची एक इंग्रजी कादंबरी मी गेल्या आठवड्यात दादर ते विरार अशा लोकलच्या प्रवासांत वाचून संपवली. स्पर्धक, परीक्षक आणि कॅमेरे एकाच छताखाली कोंडलेले असल्यामुळे संशयितांची यादी आपोआप आखली जाते, आणि प्रत्येकाच्या हाती सुरी व डोक्यावर घड्याळाचा धाक असतो; रहस्यकथेला याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल.

मात्र कडू बदामाच्या वासावरून केकमधील सायनाइड ओळखण्याचा प्रसंग मला मुळीच पटला नाही. कडू बदामाचा तो वास मुख्यत्वे बेन्झाल्डिहाइड या रसायनाचा असतो आणि बदामाच्या इसेन्समध्येही तेच असते. म्हणजे जिथे सगळेच बदामाचा केक करीत आहेत तिथे हा पुरावा निरुपयोगी ठरतो. शिवाय सायनाइडचा वास काही माणसांना जन्मतःच येत नाही, आणि हायड्रोजन सायनाइड सुमारे २६ अंश सेल्सिअसलाच उकळत असल्यामुळे १८० अंशांच्या ओव्हनमध्ये ते टिकेल ही अपेक्षा भाबडी आहे. त्यापेक्षा जुने आर्सेनिक बरे (कादंबरीपुरते!), परंतु रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श यांची आर्सेनिक शोधण्याची १८३६ सालची चाचणी आल्यापासून तेही लपत नाही.

वाचताना मला गिरगावातील लहानपणीची बेकरी आठवत राहिली, जिथे दिवाळीआधी घरचे तूप, मैदा व साखर नेऊन नानकटाई भाजून आणली जाई. भट्टीतून निघालेल्या नानकटाईच्या पत्र्यांतला आपला पत्रा कोणता, एवढ्या वादावरून आमच्या आजीने शेजारणीशी वर्षभर अबोला धरला होता.