उलट तोंडाच्या खुर्चीची बाजू घेताना

लहान खासगी विमानात कोणी कुठे बसायचे हा प्रश्न वरकरणी सौजन्याचा वाटतो, पण प्रत्यक्षात तो वजनकाट्याचा असतो. अमेरिकेत ओहायो राज्यात राहणाऱ्या माझ्या एका मित्राचा दोन भागीदारांबरोबर बीचक्राफ्ट बोनान्झा ए36 या सहा आसनी विमानात वाटा आहे, आणि उड्डाणाला निघण्यापूर्वी तो घरच्या-बाहेरच्या प्रत्येक माणसाला निर्विकारपणे वजन विचारतो. वहिनी आपला आकडा हळू आवाजात सांगतात. माणसांचा स्वभाव ओळखून असलेला माझा मित्र त्यात मनातल्या मनात दहा पौंड मिळवतो आणि कागदावर उतरवतो. यात त्याचा काहीही आगाऊपणा नाही. या विमानाच्या इंधनाच्या टाक्या पंखांच्या पुढच्या भागात, म्हणजे विमानाच्या गुरुत्वमध्याच्या (ज्या बिंदूवर त्याचे सगळे वजन तोलले जाते त्याच्या) पुढे आहेत; त्यामुळे वाटेत इंधन जळत जाते तसतसा हा मध्य शेपटीकडे सरकतो, आणि निघताना जे विमान समतोलाच्या मर्यादेत होते ते उतरताना मर्यादेबाहेर गेलेले असू शकते. म्हणून सर्वांत मागच्या ओळीत लहान मुले किंवा शिडशिडीत माणसे, आणि माझ्यासारखी भारदस्त मंडळी मधल्या ओळीत, असा तिथला शिरस्ता आहे. या मधल्या ओळीतल्या दोन्ही खुर्च्यांचे तोंड शेपटीकडे आहे. तिथे मी प्रथम बसलो तो नाइलाजाने. आता वजन उतरले तरी मी ती जागा सोडणार नाही.

बोनान्झाचे पहिले उड्डाण 1945 च्या डिसेंबरात झाले आणि 1947 पासून ती विकली जाऊ लागली. सुरुवातीच्या बोनान्झाची इंग्रजी व्ही अक्षरासारखी शेपटी पुढे फार प्रसिद्ध झाली, पण त्या विमानात मागे बसणाऱ्याची फारशी चैन नव्हती. 1968 साली कंपनीने सरळ शेपटीचे मॉडेल 36 काढले, त्याचा सांगाडा दहा इंचांनी लांबवला, उजव्या बाजूला पंखाच्या मागे दुहेरी दार बसवले, आणि त्यामुळे मागच्या चार प्रवाशांना पंखावर चढण्याची कसरत न करता जमिनीवरून आत शिरता येऊ लागले. या दारातून आत गेले की दोन खुर्च्या पुढे तोंड करून आणि दोन मागे तोंड करून, समोरासमोर मांडलेल्या दिसतात. या मांडणीला विमानवाले क्लब सीटिंग म्हणतात. पायपरच्या सेनेका, साराटोगा, मालिबू या विमानांत ती आढळते आणि बीचक्राफ्टच्याच किंग एअरमध्येही ती आहे. नाव ऐकून मऊ सोफे आणि ऐसपैस दालन डोळ्यांसमोर आणू नये. बोनान्झाच्या केबिनची रुंदी जेमतेम साडेतीन फूट आहे, आणि समोरासमोर बसलेल्यांच्या गुडघ्यांचा करार मुंबईच्या लोकलमध्ये होतो तसाच, न बोलता, पहिल्या मिनिटातच होतो. तरीही पुढच्या माणसाच्या खुर्चीच्या पाठीवर नाक टेकवून बसण्यापेक्षा समोर मोकळी जागा आणि एक ओळखीचा चेहरा असणे केव्हाही बरे.

उलटे बसण्याविषयी आपल्या मनात जी अढी असते ती बहुधा आगगाडीने घातलेली असते. आरक्षणाच्या डब्यात उलट दिशेची जागा आली की घरातले कोणीतरी हमखास मळमळीची भीती घालते, आणि ती अगदीच निराधार नसते. गाडीत खांब, झाडे, फलाट डोळ्यांजवळून झपाट्याने मागून पुढे सरकतात, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र वेगळेच काही कळवत असते, आणि या दोन बातम्यांचा मेळ बसला नाही की पोट तक्रार करते. हवेत गेल्यावर जवळून सरकणारे असे काही उरत नाही. दीड-दोन हजार मीटरवरून शेते आणि रस्ते इतक्या संथपणे सरकतात की आपण सुलटे जात आहोत की उलटे, याने डोळ्यांना फारसा फरक पडत नाही. ज्यांना मुळातच विमान लागते त्यांना ते दोन्हीकडे लागते, आणि दूरच्या क्षितिजावर नजर ठेवण्याचा उपायही दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. जमिनीवरची अढी तशीच्या तशी आकाशात नेण्याचे काही कारण नाही, असे माझे मत आहे.

दृश्याच्या बाबतीत तर उलट्या खुर्चीला मी सरळसरळ झुकते माप देईन. बोनान्झाचा पंख खाली असतो आणि मधली ओळ जवळजवळ त्याच्या वरच येते. तिथे तोंड पुढे करून बसले तर खिडकीत मुख्यतः पंखाचा पत्रा दिसेल. मागे तोंड केले की नजर पंखाच्या मागच्या कडेवरून थेट जमिनीवर उतरते. ईरी सरोवरातल्या साउथ बास बेटावर एक छोटी धावपट्टी आहे आणि नुसते जेवायला म्हणून तिथे विमान घेऊन जाणारे हौशी वैमानिक पुष्कळ आहेत. अशा जेवणाला त्यांच्यात शंभर डॉलरचा बर्गर म्हणतात, आणि इंधनाचे आजचे भाव पाहता ते नाव आता फारच विनयशील ठरते. या बेटावर 1813 च्या नौदल लढाईचे स्मारक म्हणून 352 फूट उंचीचा एक दगडी स्तंभ आहे. बेट जवळ आले की पुढे बसलेले लोक "ते बघा, ते बघा" म्हणून ओरडतात, आणि मला तेव्हा काहीच दिसत नाही. मात्र त्यांचा स्तंभ क्षणभरात पंखाखाली नाहीसा होतो, तर माझा त्यानंतर उगवतो आणि पुष्कळ वेळ समोर राहतो; त्याच्या भोवतालचा धक्का, नांगरलेल्या होड्या, पाण्यावर पडलेली त्याची सावली, हे सगळे सावकाश पाहून होते. पुढचे पाहण्याची जबाबदारी वैमानिकाची आहे आणि तो ती पार पाडतो आहे, एवढा विश्वास मात्र ठेवावा लागतो.

या खुर्चीचा दुसरा फायदा मला बराच उशिरा उमगला, आणि तो आवाजाशी संबंधित आहे. एका इंजिनाच्या लहान विमानात गोंगाट इतका असतो की सर्वांनी हेडसेट घालून त्यातल्या मायक्रोफोनमधूनच बोलायचे असते. त्यात सगळ्यांचे आवाज दोन्ही कानांत सारखेच येतात; डावीकडून कोण बोलले, मागून कोण हसले, हे कानांना कळत नाही. सगळे पुढे तोंड करून बसले असतील तर ओळखीचे आवाजही त्या खरखरीत एकसारखे वाटू लागतात आणि उत्तर नेमके कोणाला द्यायचे ते समजत नाही. समोरासमोर बसले की ओठ हलताना दिसतात, भुवया दिसतात, एखादा विनोद समोरच्याला पोहोचला की नाही ते कळते. वैमानिक विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याशी बोलत असताना बाकीच्यांनी गप्प राहायचे असते, आणि त्या सक्तीच्या शांततेत खाणाखुणांनी जी संभाषणे चालतात तीही चेहरा समोर असेल तरच जमतात. काही विमानांत या चार खुर्च्यांच्या मध्ये बाजूच्या भिंतीतून निघणारे घडीचे टेबल असते. कागदपत्रांसाठी ते ठेवलेले आहे असे मानतात. आमच्याकडे त्यावर चकल्यांचा डबा असतो.

सुरक्षिततेचा मुद्दा मी मुद्दाम लांबवला, कारण त्यात उलट्या खुर्चीची बाजू इतकी भक्कम आहे की आधी तीच मांडली असती तर बाकीचे कोणी ऐकले नसते. धडक बसून वाहन एकदम थांबते तेव्हा पुढे तोंड करून बसलेल्या माणसाचा सगळा भार पट्ट्याच्या दोन-चार बोटे रुंद पट्टीवर येतो आणि डोके व हातपाय पुढे फेकले जातात. मागे तोंड असेल तर तोच भार पाठ, खांदे आणि डोके यांवर पसरून खुर्चीच्या पाठीत जातो. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी 1947 मध्ये कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक तळावर रॉकेटने ढकललेल्या गाड्यावर स्वतःवरच प्रयोग सुरू केले, आणि पहिल्या फेरीत ते पाठ पुढे करूनच बसले होते. पुढे 1954 मध्ये न्यू मेक्सिकोत होलोमन इथे तोंड पुढे करून त्यांनी ताशी 632 मैलांचा वेग गाठला आणि थांबताना शरीराच्या वजनाच्या 46 पट भार सोसला; त्यात त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरले आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. विमानातल्या खुर्च्या मागे तोंड करून बसवाव्यात, असा आग्रह त्यांनी नंतरही धरला. ब्रिटिश हवाई दलाने दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या वाहतूक विमानांत तसे केलेही, आणि त्यांच्या व्हीसी10 विमानांत सैनिक मागे तोंड करूनच प्रवास करीत.

मग सर्वसाधारण प्रवासी विमानांत असे का नाही? एक कारण आपली अढी, आणि विमान कंपन्या अढीशी सहसा भांडत नाहीत. दुसरे कारण यांत्रिक आहे. पट्ट्याचा ओढा कमरेच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून कमी अंतरावर येतो; उलट्या खुर्चीत तोच भार छातीच्या उंचीवर पाठीवर येतो आणि खुर्ची मुळासकट उपटू पाहतो. त्यामुळे पाठ, पाय आणि जमिनीतले खिळे, सगळेच अधिक मजबूत आणि म्हणून अधिक जड करावे लागते. शिवाय केबिनमधल्या सुट्या वस्तू धडकेत पुढे उडतात, त्या उलट्या बसलेल्याच्या तोंडावर येतात, हा आक्षेपही खोटा नाही; चकल्यांचा डबा उतरण्यापूर्वी पिशवीत का जातो ते यावरून कळावे. पण पुढच्या वेळी कोणत्याही विमानात पहिल्या ओळीत बसण्याचा योग आला तर समोर पाहावे. वैमानिकांच्या दाराजवळच्या घडीच्या खुर्चीवर, खांद्यावरून पट्टे बांधून, आपल्याकडे तोंड करून बसलेली हवाई सेविका उड्डाण आणि उतरणे उलट्या दिशेनेच करीत असते, आणि त्याबद्दल तिने कुरकुर केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

उड्डाणाच्या वेळची गैरसोय मात्र मान्य केली पाहिजे. वेग घेताना शरीर खुर्चीपासून सुटून पट्ट्यावर रेलते, आणि नाक वर करून विमान चढू लागले की आपण समोरच्या माणसाच्या मांडीवर घसरतो आहोत असे वाटते. लहान विमानाचा चढ मोठ्या जेटइतका तीव्र नसतो, त्यामुळे हे थोडक्यात निभावते. विमानवाहू जहाजांवर माणसे नेण्यासाठी अमेरिकी नौदलाने वापरलेल्या ग्रेहाउंड विमानात प्रवासी मागे तोंड करून बसत. जहाजावर तारेत अडकून थांबताना त्यांची पाठ खुर्चीत सुखरूप दाबली जाई, पण जहाजावरून फेकले जाताना ते पट्ट्यांना अक्षरशः लटकत. आमच्या वाट्याला या दोन्ही अनुभवांची फार सौम्य आवृत्ती येते. पाठ सरळ आणि डोक्यामागची उशी पूर्ण वर ओढलेली असल्याखेरीज मित्र इंजिनाला वेग देत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण मान सांभाळण्याचे काम त्या उशीचेच असते. उतरताना ब्रेक लागले की पाठ हलकेच दाबली जाते, आणि पुढे तोंड करून बसलेली मंडळी माना डोलावताना दिसतात.

हवा खराब असेल तेव्हा ही मधली ओळ आणखी भाव खाते. बोनान्झाला खडबडीत हवेत शेपटी हलवत चालण्याची खोड आहे. जुन्या व्ही शेपटीच्या विमानांत ती जास्त होती, पण लांब सांगाड्याच्या विमानांतूनही ती पूर्ण गेलेली नाही. विमान आपल्या गुरुत्वमध्याभोवती डोलते, म्हणून जितके मागे बसावे तितके झोके मोठे. त्या दिवशी मागच्या ओळीतल्या शिडशिडीत मंडळींचे चेहरे पाहून आपल्या वजनाविषयी प्रथमच कृतज्ञता वाटते.

मोठ्या बिझनेस जेटमध्ये या खुर्च्यांना दर्जाची एक चौकट चिकटलेली आहे. तिथे मालक किंवा मंत्री पुढे तोंड करून बसतो आणि सचिव त्याच्यासमोर उलटा; निवडणुकीच्या दिवसांत आपल्या वर्तमानपत्रांत येणाऱ्या विमानातल्या छायाचित्रांतही बहुधा हाच क्रम दिसतो. ब्रिटिश एअरवेजने 2000 साली बिझनेस क्लासमध्ये पलंग होणाऱ्या खुर्च्या आणल्या, त्यांतल्या अर्ध्या मागे तोंड केलेल्या होत्या, आणि भरपूर पैसे मोजून लोक त्यांवर उलटे झोपले, तरी हा समज हलला नाही. मालकांनी फक्त एकदा सचिवाच्या जागी बसून पाहावे.

आता आमच्याकडे निराळाच प्रश्न उभा राहिला आहे. मधल्या दोन्ही खुर्च्या थोड्या खटपटीने काढता येतात, आणि मित्राच्या एका भागीदाराला तिथे दोन सायकली घालायच्या असतात. मी त्याला दाखवून दिले की या खुर्च्या आणि वैमानिकांच्या पाठी यांच्यामध्ये सामानाची जी खोबण आहे तिथे आठवड्याच्या पिशव्या सहज मावतात, पण सायकली तिथे मावणार नाहीत हे मलाही कबूल आहे. दुसरा भागीदार तर बोनान्झा विकून सिरस घ्यावी असे म्हणतो. त्या विमानाला अख्खे विमान तोलून धरणारे पॅराशूट आहे, आणि त्यातल्या सगळ्या खुर्च्यांचे तोंड पुढे आहे. पॅराशूटसमोर पाठीचा आणि मानेचा माझा युक्तिवाद लंगडा पडतो. शिवाय तिथल्या नियमांप्रमाणे मी इंधनाच्या खर्चात माझा वाटा देऊ शकतो, पण विमानात माझा वाटा नाही, त्यामुळे मतदानात मला कोणी धरत नाही. मित्र अजून बोनान्झाच्या बाजूने आहे. या उन्हाळ्यात बेटावर जाताना त्या दुसऱ्या भागीदारालाच मधल्या ओळीत, माझ्या शेजारी, उलटे बसवायचे असे आम्ही ठरवले आहे. त्याचे वजनही त्या जागेला साजेसे आहे.